रविवारपर्यंतचं काजळ

"डोळे घट्ट मिटू नका काकू. नुसते मिटा. डुलकी लागल्यासारखे," तेजश्री म्हणाली.

पन्नाशीला टेकल्यावर आता डोळे मिटायलाही शिकावं लागणार असेल तर कठीणच आहे, असं पुतळाच्या मनात आलं; पण तिनं निमूटपणे चेहरा सैल सोडला. पेन्सिलीचं गार टोक पापणीच्या मुळाशी टेकलं आणि नाकाकडून कानाकडं इतकं सावकाश सरकत गेलं, की मधेच तिला आपण कुठं आहोत याचा विसर पडला. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली हाक जवळ आली, लांब गेली. पंख्याचा वारा कपाळावरून जात होता. कुणीतरी आपल्या चेहऱ्यापाशी वाकून, श्वास रोखून काम करतंय, याचंच तिला सुख वाटत होतं. असं शेवटचं कधी झालं होतं ते तिला आठवेना.

"बघा आता."

पुतळानं हातातला आरसा वर धरला. तिचं नेहमीचं काजळ जाड असायचं, खालच्या पापणीत भरलेलं, आणि संध्याकाळपर्यंत गालाकडं निघालेलं. ही रेघ बारीक होती, पापण्यांच्या केसांतूनच उगवल्यासारखी. डोळे तिचेच होते, पण नुकतेच झोपून उठलेले, कसलीच काळजी नसलेले.

"सुईनं केलं की असंच दिसणार," तेजश्री म्हणाली. "आंघोळ करा, घाम येऊ दे, रडा. जाणार नाही."

"आनि पुसलं तर?"

"कशानं?"

"कशानंपण. ओल्या कापडानं. जोर लावून."

तेजश्रीला हसू आलं. "काकू, परमनंट आयलायनर आहे. घासणीनं घासलं तरी जायचं नाही. म्हणजे अगदी मरेपर्यंत नाही हां, चार-पाच वर्षांनी फिकं पडतं. मग टचअप करायचं."

चार-पाच वर्षं भरपूर झाली, असा हिशेब पुतळाच्या मनात आपोआप होऊन गेला. तिच्या नवऱ्याच्या, हौसेरावांच्या डॉक्टरांनी तर एका वर्षाचंही बोलणं टाळलं होतं. हिशेब झाल्या झाल्या तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिनं आरसा मांडीवर पालथा घातला.

"पण का करताय? तुम्ही तर बारा महिने काजळ लावता."

"कामावर एसीत डोळ्याला पाणी येतं. पसरतं सगळं," पुतळानं ठोकून दिलं.

तेजश्रीला ते पटलं, कारण तो एसी तिनंही खाल्ला होता. पूर्वी ती सीवूड्सच्या मॉलमध्ये, पुतळाच्याच कपड्यांच्या दुकानात बिलिंगला होती. मग नोकरी सोडून तिनं हे काम शिकून घेतलं आणि कामोठ्यात, एका मेडिकलच्या वरच्या गाळ्यात स्वतःचं पार्लर टाकलं. पुतळा अजून तिथंच होती, ट्रायल रूमच्या दाराशी, गळ्यात ओळखपत्र आणि हातात आकडे लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन.

"आजचा दिवस हे असंच ठेवा. आरशात बघा, काकांना दाखवा. उद्या धुऊन टाका," तेजश्री म्हणाली. "आणि रविवारपर्यंत विचार करा. करायचं असेल तर अकराला या. सुई लागली की मग माझ्याकडं खोडरबर नाही."

काकांना दाखवा. पुतळा जिना उतरताना ते दोन शब्द तिच्या मागं मागं उतरत आले.

काकांचं म्हणजे हौसेरावांचं हृदय थकलं होतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी एकदा गोणी उतरवून जो खाली बसला तो पुन्हा कामावर गेला नाही. "पंपिंग वीस टक्क्यांवर आलंय," असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून पंपिंग हा शब्द त्यांच्या उलव्याच्या घरात राहायला आला. मुलगा कुलदीप बंगळुरूहून रोज फोन करायचा तो पंपिंग विचारायचा. हौसेराव स्वतः त्याच्याबद्दल एखाद्या कामचुकार सोबत्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. "आज पंपिंग कामावर आलं न्हाई," म्हणायचे आणि गादीवरून उठायचे नाहीत. पुतळा हसायची. बाथरूममध्ये जाऊन रडायची, आणि परत येऊन हसायची. गेल्या तपासणीला डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं. गावाकडच्या माणसांना कल्पना देऊन ठेवा, म्हणाले होते.

गावाकडची माणसं. तिथंच तर तिचं सगळं अडलं होतं.

खटाव तालुक्यात त्यांचं गाव, आणि त्यांच्या भावकीत एक रिवाज होता. माणूस मुंबईत मरो नाहीतर शिवारात, त्याला गावच्या घरी आणून तिरडी उचलायच्या आधी त्याच्या बायकोला भिंतीशी बसवायचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या विधवेनं ओल्या पदरानं तिचं कुंकू पुसायचं. हे बऱ्याच ठिकाणी असतं. पण ह्यांच्यात काजळही पुसायचे. पाण्याचा तांब्या धरायचा तो जावेनं. गावानं अलीकडं असल्या रिवाजांविरुद्ध ठराव केला होता. पण ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात होता आणि शेवंताबाई घरात होत्या. पुतळाची चुलतसासू, ऐंशी पार केलेली, हातात अजून जोर असलेली.

कुंकवाचं, बांगड्यांचं, जोडव्यांचं पुतळानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ते लग्नात आलेलं होतं. घ्या म्हणणार होती. पण काजळ तिचं होतं, लग्नाच्या आधीपासूनचं. आई एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळी पाडायची आणि पाळण्यातल्या पुतळाच्या डोळ्यांत बोटानं घालायची, तेव्हापासूनचं. रंगानं ती काळी, दात जरा पुढं. पाहुणे बघायला आले की आई म्हणायची, डोळे बघा पोरीचे. आयुष्यात कुणी तिच्याकडं बघून काही चांगलं बोललं असेल तर ते डोळ्यांबद्दल. हौसेरावांनीही लग्नानंतर पहिल्यांदा तेच म्हटलं होतं, ते आठवलं की तिला अजून गुदगुल्या व्हायच्या. काजळाशिवाय ती दुधाची पिशवी आणायलाही खाली उतरत नसे.

तेच कुणीतरी चारचौघांत, तिला भिंतीशी बसवून, ओल्या पदरानं पुसणार हे तिला सहन होत नव्हतं. आणि नवरा पलीकडच्या खोलीत श्वास घेत असताना आपण असला विचार करतो, हे त्याहूनही सहन होत नव्हतं.

त्या संध्याकाळी हौसेरावांनी तिच्याकडं जरा रोखून बघितलं. "आज काजळ बारीक दिसतंय."

"मॉलमधी शिकवलं," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

शुक्रवारी दुपारी दुकानात शुकशुकाट होता. अशा वेळी ट्रायल रूमच्या बोळात एक वेगळंच जग भरायचं. दोन्ही बाजूंना आरसे, टोकाला आरसा. पुतळा मधे उभी राहिली की पुतळाच्या मागं पुतळा, तिच्या मागं आणखी एक, अशी रांग लांब कुठंतरी हिरवट अंधारात जायची. एसीची घरघर आणि तेच ते मंद गाणं. आठ वर्षं तिनं इथं बायकांना आत जाताना आणि बाहेर येताना पाहिलं होतं. आत जाते ती एक बाई असते. नवे कपडे घालून दार उघडते ती क्षणभर दुसरीच. मग आपले कपडे अंगावर चढवून पहिलीच परत घरी जाते. ही मधली बाई फक्त पुतळाला भेटायची, आणि ती पुतळाला फार आवडायची.

त्या दुपारी तिच्याच वयाची एक बाई एकटी आली. हातात एकच पीस, नारिंगी कुर्ता. पुतळानं एक आकड्याची पट्टी दिली. बराच वेळ झाला तरी आतून हालचाल ऐकू येईना. मग दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"कसा दिसतोय हो?"

"तुमच्यासाठीच शिवलाय," पुतळा म्हणाली. हे ती सगळ्यांनाच म्हणायची, पण आज ते खरं होतं.

बाई हसली. गळा मोकळा, कपाळ मोकळं. तिनं आरशातल्या स्वतःला वरपासून खालपर्यंत डोळे भरून पाहिलं, एकदा पाठमोरी वळून मान मागं टाकून पाहिलं. पाच मिनिटांनी कुर्ता नीट घडी होऊन पुतळाच्या हातात आला.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी चालायचं नाही."

ती गेल्यावरही सगळ्यात लांबच्या आरशात काहीतरी नारिंगी रेंगाळतंय असं पुतळाला वाटत राहिलं. शिफ्ट संपेपर्यंत तिनं तो कुर्ता रॅकवर परत पाठवला नाही.

शनिवारी तिची सुट्टी होती. जेवणं झाली, हौसेराव बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. पुतळानं स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गावाला फोन लावला. राजश्रीला, धाकट्या जावेला.

राजश्री म्हणजे हौसेरावांच्या धाकट्या भावाची, नामदेवची बायको. नामदेव सात वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून गेला. राजश्री तेव्हा एकतीस वर्षांची होती. आणि त्या दिवशी तांब्या पुतळानं धरला होता. शेवंताबाईंनी पदराचं टोक बुडवलं, राजश्रीची हनुवटी एका हातानं धरली आणि पुसलं. राजश्रीनं डोळे मिटले नाहीत. ती सरळ पुतळाकडं बघत राहिली आणि काळं पाणी तिच्या गालावरून गळ्यापर्यंत आलं. पुतळा तांब्या धरून उभीच होती. रिवाज होता, सगळ्याजणी बघत होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला मनातून हायसंही वाटलं होतं, की भिंतीशी बसलेली बाई आपण नाही. हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. राजश्रीशी ती सात वर्षं पेरणीपाण्याचं, पोरांच्या परीक्षांचं, अंगणवाडीतल्या खाऊचं बोलत आली होती. राजश्री आता गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती.

"राजश्री, एक इचारू का? त्या दिवशी तुला माझा राग आलावता का गं?"

पलीकडं राजश्रीनं कोंबड्यांना हुसकलं.

"कुठल्या दिवशी, असं मी इचारत न्हाई, आक्का," राजश्री म्हणाली. "मला ठावं हाय."

"मग?"

"तुमच्या हातातला तांब्या कलला व्हता. तांब्यातलं पानी माझ्या मांडीवर सांडलं. दिसभर मला तेवढंच जाणवत व्हतं, मांडी वली झालीया. काजळ पुसल्याचं काय न्हाई वो. घरधनी गेला, काजळ कुठं घिऊन बसायचं. पर मला कुनी इचारलंच न्हाई. तोंड माझं, आन् ठरवलं सगळ्यांनी. एकीनं जरी म्हणलं असतं, राजश्री, पुसू का, तर माझी मीच पुसून दिलं असतं."

पुतळानं मग तिला सगळं सांगून टाकलं. तेजश्रीचं पार्लर, पेन्सिलीची रेघ, सुई, चार-पाच वर्षं. हायसं वाटल्याचं तेवढं सांगितलं नाही.

"दुखतंय का?" राजश्रीनं विचारलं.

"बधिर करत्यात म्हणं."

"मग करा की. शेवंताआत्याबाई घासून घासून दमतील, पदर फाटंल त्यांचा!"

पुतळाला खुदकन हसू फुटलं. पलीकडून राजश्रीही हसली, आणि दोघी कितीतरी वर्षांनी एकत्र अशा हसल्या, की पुतळाला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मग हसता हसता दोघींच्याही एकदमच लक्षात आलं, की ही गंमत घडायची तर आधी हौसेरावांनी जायला हवं.

"ठिवते," राजश्री हळूच म्हणाली.

फोन खाली ठेवताना पुतळानं ठरवून टाकलं, करायचं नाही. असलं काही करून ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून वाट बघत बसणं. नकोच ते. तिनं चहा टाकला.

चहाचा कप घेऊन ती बाल्कनीत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सातव्या मजल्यावरून समोर अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांच्या पलीकडं खाडीची चमकती पट्टी, आणि नव्या विमानतळावरून एक विमान नुकतंच उठलेलं. इतक्या लांबून त्याचा आवाज मागाहून यायचा. विमान पुढं गेलेलं असायचं आणि आवाज रिकाम्या आभाळातून चाललेला असायचा. हौसेराव जागे होते.

"ह्ये साताऱ्याचं," ते म्हणाले. प्रत्येक विमानाबद्दल ते हेच म्हणायचे. "कराडला टेकून जाईल."

"च्या घ्या."

त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला, कप कठड्यावर ठेवला. "पार्लरात कवा जायचंय?"

पुतळानं वळून आत स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"सैपाकघरातलं समदं ऐकू येतं हितं," हौसेराव म्हणाले. "पंपिंग गेलंय. कान शाबूत हायत."

"न्हाई जायाचं," ती घाईनं म्हणाली. "उगं चौकशी केलीवती."

"पुतळा."

तिला ते नावानं क्वचित हाक मारायचे. ती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसली. हौसेराव बोलताना तिच्याकडं बघत नव्हते, खाडीकडं बघत होते. दोन शब्द झाले की थांबून श्वास घेत होते, त्यामुळं ते झोपेतच बोलतायत असं वाटत होतं.

"नामदेवच्या टायमाला मी वसरीवर उबा व्हतो. दारातनं समदं दिसत व्हतं. थोरला मी. बास करा, असं नुसतं म्हणलो असतो तरी शेवंताकाकूनं हात मागं घेतला असता. बाप्याचं ऐकती ती. मी टोपी हातात घिऊन नुसता उबा. म्हणलं, बायकांचं काम हाय."

"जाऊ द्या आता त्ये."

"कसं जाऊ दिऊ? तुज्या टायमाला मी वसरीवरपन नसनार."

पुतळानं त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं आणि ती रडली. दोन वर्षं ती नळ सोडून, तोंडात पदर कोंबून रडत आली होती. आज उघड्यावर, आवाज करून रडली. शेजारच्या बाल्कनीतलं कुणीतरी आत गेल्याचं तिला कळलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

"मी तुमच्या मागची तयारी करत न्हाई वो," ती म्हणाली. "देवाशपथ न्हाई."

"कर की," हौसेराव म्हणाले. त्यांचा जाड हात तिच्या केसांवर येऊन थांबला. "ट्रक मार्केटात शिरायच्या आदी आमी गोण्या उतरवायची फळी लावून ठिवायचो. रोज. एकतीस वर्सं. फळी लावली म्हनून ट्रक कवा लवकर आला न्हाई."

आणखी एक विमान उठलं. ते कुठलं, हे त्यांनी सांगितलं नाही. चहा तसाच गार झाला आणि मग दोघांनी तो तसाच अर्धा अर्धा प्यायला.

रविवारी सकाळी पुतळा उठून बघते तर हौसेराव दाढी करून पांढरा शर्ट घालून पलंगावर बसलेले.

"तुमी कुठं?"

"तुज्यासंगं."

"काय डोकंबिकं फिरलंय का? दवाखाना सोडून चार म्हयनं तुमी खाली उतरला न्हाई. लांब हाय ते, कामोठ्याला."

"रिक्षा काय माझ्या पाठीवर घिऊन जायची हाय का?" हौसेराव म्हणाले.

पुतळानं गोळ्यांचा डबा पर्समध्ये टाकला, पाण्याची बाटली घेतली, आरशापुढं उभी राहून रोजचं सगळं आवरलं आणि दोघं निघाली.

खाडीपुलावर रिक्षाला वारा लागला. भरती ओसरत होती. चिखलात लांबवर फ्लेमिंगो उभे होते, इतके स्थिर की गुलाबी रंग कुणी सांडून ठेवल्यासारखा वाटावा. हौसेरावांची मान हळूहळू कलली आणि तिच्या खांद्यावर येऊन थांबली. लग्न होऊन पहिल्यांदा मुंबईला येताना ती अशीच त्यांच्या खांद्यावर झोपली होती. रिक्षावाल्याला पुतळानं सावकाश चालवायला सांगितलं. तिला कुठंच पोचायचं नव्हतं, रस्ता असाच लांबत जावा, खाडी संपूच नये, असं वाटत होतं. पण कामोठं आलंच.

खरी अडचण जिन्याची होती. मेडिकलच्या बाजूनं वर जाणाऱ्या अठरा पायऱ्या. पुतळा म्हणाली, तुम्ही खाली मेडिकलवाल्याकडं खुर्ची मागून बसा. हौसेरावांनी ऐकलं नाही. तीन पायऱ्या झाल्या की ते भिंतीला पाठ लावून थांबायचे, तोंडानं श्वास घ्यायचे, आणि घाम पुसून पुन्हा पाय उचलायचे. एकेकाळी पन्नास किलोची गोणी घेऊन हा माणूस फळीवरून धावायचा. मधल्या वळणावर एक मुलगी त्यांना ओलांडून भरभर वर गेली. पुतळानं त्यांच्या पाठीला हात लावला, तर शर्ट पूर्ण भिजलेला. वर पोचायला पाव तास लागला.

तेजश्रीनं त्यांना बघून धावत खुर्ची आणली, पाणी दिलं. मग तिचं लक्ष पुतळाकडं गेलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

"काकू! काजळ लावून आलात?"

पुतळानं दचकून डोळ्यांकडं हात नेला. सवयीनं लावलं होतं. रोजच्यासारखंच, न बघता, भरून.

"डोळे एकदम कोरे पाहिजेत हो. कणपण चालत नाही, रंग धरत नाही मग. चला, बेसिनवर या, मी काढून देते."

"थांब," हौसेराव म्हणाले. ते अजून धापा टाकत होते. त्यांनी हात पुढं केला. "तो कापूस हिकडं दे, पोरी."

तेजश्रीनं पुतळाकडं पाहिलं आणि कापसाचे बोळे, पाण्याची वाटी त्यांच्यापुढं ठेवली. पुतळा समोरच्या बुटक्या स्टुलावर बसली. हौसेरावांनी बोळा पाण्यात बुडवला, पिळला. मग त्यांचा हात तिच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबला.

"पुसू का?"

तिनं मान हलवली, आणि ते तसेच थांबलेले बघून म्हणाली, "पुसा."

गोणीला अडकवायचा लोखंडी आकडा धरून धरून त्यांची बोटं वाकडी झाली होती, आणि डाव्या तळव्यावर आकड्याचीच एक जुनी खूण होती. त्या बोटांनी त्यांनी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कांद्याची एकही साल निघू नये म्हणून जपून गोणी ठेवावी तसे ते हलक्या हातानं पुसत होते. मधेच दम लागायचा, मग बोळा तिच्या गालाला तसाच टेकवून थांबायचे. पहिला बोळा काळा झाला. दुसरा घेतला. तेजश्री पाठ करून बाटल्या लावत होती. लावलेल्याच बाटल्या पुन्हा पुन्हा लावत होती.

"डोळ्यात जातंय का?"

"न्हाई."

"रडू नगंस. मला दिसंना झालंय कुठपत्तर आलंय."

तिसऱ्या बोळ्यावर काहीच आलं नाही. हौसेरावांनी तिची हनुवटी जराशी वर केली आणि खिडकीच्या उजेडात तिच्याकडं बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी तिला दिवसाउजेडी अशी कधी पाहिली नव्हती. पुतळाला उघडं पडल्यासारखं झालं. तिनं मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण त्यांनी हनुवटी सोडली नाही.

"आसंबी चांगलं हायत की," ते म्हणाले.

मग त्यांनी हात काढून घेतला आणि खुर्चीत मागं टेकले. "जा आता."

आतल्या बाजूला पडद्याआड उंच पलंग होता. पुतळा त्यावर आडवी झाली. तेजश्रीनं केस वर बांधून दिले, पापण्यांवर बधिर करायचं क्रीम लावलं आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला. आता उघडायचे नाहीत, म्हणाली. हळूहळू पापण्या आपल्या राहिल्याच नाहीत. मिटल्या डोळ्यांआड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग खाडीवरच्या पाण्यासारखं काहीतरी हलत राहिलं.

तेजश्री पडदा सारून बाहेर डोकावली. "काका, दोन तास तरी लागतील. एवढा वेळ बसवेल तुम्हाला? आत सोफ्यावर आडवे होता का?"

"लागू दे," हौसेरावांचा आवाज आला. "मला कुठं जायचं हाय?"

मशीन बारीक घुं घुं करत सुरू झालं. पडद्यापलीकडं त्यांचा श्वास ऐकू येत होता, अडणारा, थांबणारा, मग पुन्हा चालू होणारा. पुतळा हलली नाही. प्रत्येक श्वासानंतरचा पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत ती तेवढी वाट बघत पडून राहिली.